एक मशीन पुरे आहे

३ मार्च, सकाळी ९.१०
बसच्या वेळापत्रकाची वेबसाइट पुन्हा बंद पडली. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. घाबरलो नाही. फक्त तीन ग्लास पाणी प्यायलो.
नव्या इंजिनिअर बाईंचं म्हणणं, क्लस्टर करू. चार मशीन एकत्र काम करतील, एक पडलं तरी बाकीची सांभाळून घेतील, कुणाला कळणारही नाही. हे सांगताना त्या माझ्याकडेच का बघत होत्या?
मी म्हणालो, कॅशिंग पुरे. एकदा दिलेलं उत्तर हाताशी ठेवायचं, पुढच्याला तेच द्यायचं. मशीनला त्रास नाही. मीटिंगमध्ये मी बावीस वर्षं हेच करतोय.

४ मार्च
कॅशिंग सुरू. बाई म्हणाल्या, सर, साठवलेली पानं पाच मिनिटांनी बदलू द्या. मी सात दिवसांची मुदत ठेवली. मला कुणी शिकवलेलं चालत नाही. साइट सुसाट.

५ मार्च
मॅडम आणि बाई चाळीस मिनिटं बंद दाराआड. छातीत धडधड. साइटवर 'आमचे अधिकारी' उघडलं. माझा फोटो, खाली विभागप्रमुख. धडधड थांबली.
संकल्प: हे पान दिवसातून एकदाच बघायचं.

६ मार्च
अकरा वेळा बघितलं. आहे मी.
मॅडमची मेल. विषय: जबाबदारीतील बदल. उघडली नाही. अशा मेल सगळ्यांनाच जातात.

७ मार्च
बायको पाऊण तास स्टॉपवर उभी. आठ-वीसची बस परवापासून बंद आहे म्हणे. साइटवर आहे, असं मी तिला दाखवलं. ती म्हणाली, मग ती साइटच आण दारात, तिच्यातून जाते कामाला.
ऑफिसात तक्रारींचा पाऊस. बाई म्हणाल्या, कॅश, म्हणजे ती साठवलेली पानं, आत्ताच्या आत्ता रिकामी करा. म्हणालो, घाई नको. पासवर्ड माझ्या एकट्याकडे आहे.

१० मार्च
बाईंनी क्लस्टरची चाचणी घेतली. चारातलं एक मशीन मुद्दाम बंद केलं. काही अडलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. जागेवर येऊन पान बघितलं. आहे मी.

११ मार्च, सकाळी ९.०५
सात दिवस संपले. आठ-वीसची बस साइटवरून गेली.
'आमचे अधिकारी' उघडलं. माझ्या जागी बाईंचा फोटो. कार्यभार ६ मार्चपासून.
मग ती मेल उघडली. पासवर्ड बाईंकडे द्यावा. तुमचं काम इतरांनी वाटून घेतलं आहे, अडचण येणार नाही.
पाच दिवस झाले. खरंच कुणाला अडचण आली नाही.
बायकोचा फोन आला. ऑफिसात सगळं ठीक ना, म्हणाली. कालचं उत्तर हाताशी होतं, तेच दिलं.