जाळी कुणी काढली

नॉर्वे, ९ ऑक्टोबर

प्रिय आईस,

डाव्या हाताने लिहितेय, म्हणून अक्षर असं. घाबरू नकोस, आता दुखत नाही. मासे कापायच्या यंत्रात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

काम भराभर व्हावं म्हणून मुकादमानेच यंत्राच्या पात्यावरची संरक्षक जाळी काढली होती. आता म्हणतो, "तूच काढलीस, असं लिहून दे." मी नकार दिला आणि युनियनकडे तक्रार केली. युनियनच्या बाई साक्षीदार मागतात. शेजारी फक्त आपला रीमासदादा होता. जाळी मीच काढली, अशा मुकादमाच्या कागदावर त्याने सही केली.

"दादा, तू पाहिलंस ना?"

"माझीही नोकरी जाईल गं," म्हणाला आणि रडला.

तक्रार मी मागे घेतलेली नाही.

बटाटे काढून झाले का? पोती एकटीने उचलू नकोस.

रीमासचा फोन आला तर जेवलास का, एवढं विचार. मला अजून विचारवत नाही.

तुझीच,
दाइवा