बरणीतली अंडी आणि बाबांचा फोन

गुरुवार, १० जुलै, संध्याकाळ

हिंजवडीहून घरी पोचायला आज दोन तास लागले. पाय गळून गेलेत. डोक्यात मात्र एकच, मी बाबांचा फोन का कापला?

परवा टाकीतल्या एंजल माशांनी पानावर अंडी घातली. मागच्या दोन्ही वेळी बाकीच्या माशांनी ती फस्त केली होती, म्हणून या वेळी बाबांनी ते पान कापून वेगळ्या बरणीत ठेवलं आणि हवेचा पंप लावला. पाणी हलतं राहिलं नाही तर अंड्यांना बुरशी लागते. आई गेल्यापासून त्यांनी मनापासून केलेलं हे पहिलंच काम.

आणि आज गुरुवार. दर गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद असते, पंपही बंद पडणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अकराला त्यांचा फोन आला, तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणून कापला. नंतर उलट केलाही नाही. का?

आले तर बाबा बरणीपाशी स्टुलावर, चमच्याने हळूहळू पाणी हलवतायत. सकाळपासून! वीज पाचलाच आली होती, पण पंपावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

"जेवलात?"

"आमचीही मीटिंग चालू होती."

मग म्हणाले, "बघ, शेपट्या हलतायत." खरंच, पानावर केसाएवढ्या शेपट्या वळवळत होत्या. पांढरी पडलेली अंडी थोडीच.

वरणभात वाढला. दिवसभर चमचा हलवून त्यांचा हात इतका भरून आला होता की घास तोंडापर्यंत जाईना. मी ताट माझ्याकडे ओढलं आणि त्यांना भरवलं. त्यांनी नको म्हटलं नाही.