पाहुणा स्थळाचा नव्हता

हडपसर गावठाण,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. अपेक्षा हिस आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आज किंक्रांत. चांगलं काम आजच्या दिवशी हाती घेत नाहीत, म्हणून तुला पत्र लिहायला बसले.

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नकोस. अंगणवाडीतली भाग्यश्री ह्याचे फोटो काढून तुला तिकडे हॉलंडला पाठवील. वाचू नकोस असं तिला बजावलंय. ती वाचणारच. भाग्यश्री, वाच, पण गावभर करू नकोस. फोनवर बोलले असते, पण फोन तुझ्या आईचा, विजयमालाचा, आणि मी बोलायला लागले की ती शेजारी येऊन बसते.

रविवारी तू म्हणालीस की परत यायचं बहुतेक रद्द. बाहेर आहारशास्त्र शिकलेल्यांनी आपल्या देशात जाऊन काम करावं म्हणून कुठली तरी संस्था पैसे देते, तू आपल्याच आळीतल्या बायकांच्या अंगात रक्त कमी का ह्याचा अभ्यास मांडलास, आणि संस्था आता म्हणते, ह्या आळीत तशी काही गरज दिसत नाही.

मला त्या संस्थेचा पहिल्यापासून संशय आहे. माणसाने स्वतःच्या घरी जावं म्हणून तिसराच कोणी पैसे देतो, त्यात त्याचा काय फायदा? इथे गुंठे मागायला येणारा बिल्डरसुद्धा आधी पेढे घेऊन येतो. आणि थोडा संशय तुझाही आहे, लिहूनच टाकते. पैसे मिळाले तर येणार, नाही तर तिथल्या पोरांच्या दूधपावडरवाल्या कंपनीत राहणार. घर म्हणजे काय नोकरीची जागा आहे?

बरं, ते राहू दे. संस्थेचा तो माणूस कसा आला ते ऐक.

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात आला. दत्तप्रसाद नाव. इस्त्रीचा शर्ट, बूट बाहेर काढले, चहाला दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घेतला. अपेक्षाचं घर हेच ना, घरात माणसं किती, कुणाला काही दुखणं, दूध किती येतं. कार्ड दाखवलं, ते इंग्रजीत. तू आम्हाला आधी काही सांगायचं नाही असा त्यांचा नियम होता म्हणे. मग मी काय समजायचं? तुळशीचं लग्न उरकल्यावर असे प्रश्न कोण विचारतं? हल्ली मुलाकडचे चौकशीला माणसं नेमतात, शेजारच्या राधाच्या नणंदेच्या पोरीच्या वेळी असाच एक आला होता.

"आजी, रात्री काय जेवता?"

"दूधभात. वर तूप."

"आणि सूनबाई?"

"आमच्याबरोबरच बसते. बायकांनी मागून जेवायचं, असलं आमच्यात नाही."

तुझी आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी देवळात चप्पल घालून गेले. मी त्याला शिरा वाढला आणि मागच्या दाराने राधाला निरोप धाडला, स्थळाचा माणूस आलाय, जपून बोला. एरवी पाण्यावरून भांडणारी आळी, पण पोरीची चौकशी आली की एक होते. घरोघरी दूध, पालेभाज्या, डाळी. राधाने तर रोज बदाम सांगितले. बदाम तिने कुणाच्या तरी लग्नात बघितले असतील.

म्हणून तुझ्या आळीत गरज दिसत नाही.

आता तुझी आई. बरी आहे. तिच्यावरही माझा संशय होता. दुपारी स्वयंपाकघरातून कुडुमकुडुम आवाज यायचा. म्हटलं, ही आमच्यापासून लपवून फरसाण खाते. एक दिवस मोहरीचा डबा उघडला तर आत पाटीवरच्या पेन्सिली. दोन पोरांची लग्नाची वयं झाली आणि बाई पेन्सिली खाते. मी तिला नको नको ते बोलले.

परवा भोगीला ती जरा बसली. बसली म्हणजे पडली. तव्यावर भाकरी तशीच जळत होती. भाग्यश्रीने दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ असलं काही खाता का? मला वाटलं भाग्यश्रीने चुगली केली. तर रक्त नसलं की असली तल्लफ येते म्हणे. रक्त सहा निघालं. त्याचा अर्थ तुला कळतो, मला डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरून कळला. तुझा बाप म्हणतो, रोज तर जेवते. मी विचारलं, मच्छिंद्रा, तू तिला जेवताना कधी बघितलंस?

तुझी आई म्हणाली, अपेक्षाला कळवू नका. मी बरं म्हटलं. सकाळी कागद घेतला.

काल राधाकडे हळदीकुंकू होतं. मला विधवेला कुंकू नाही, तिळगूळ तेवढा. तेव्हा मी भाग्यश्रीला अंगणवाडीचा वजनकाटा आणायला लावला आणि त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसले. एकजण उभी राहील तर शपथ. सगळ्या पदर सावरत हसतात. म्हटलं, "बायांनो, तो माणूस स्थळाचा नव्हता. आपण पोरीचं लग्न जमवायला गेलो आणि तिचं घरी येणं मोडलं." मग आधी मीच चढले.

राधा म्हणाली, "अहो आत्या, दूधभात कुठे गेला तुमचा?"

"चहात चपाती बुडवून खाते मी रात्री. उरली तर."

कुणी हसलं नाही. मग राधा चढली. मग बाकीच्या.

आज त्या दत्तप्रसादला फोन लावायला सांगितला. म्हणतो, "आजी, मागच्या वेळी तर तूप होतं." म्हटलं, "होतं ना, तुमच्या शिऱ्यात घातलं. संपलं." सोमवारी येतो म्हणाला, रक्त तपासणारी बाई घेऊन. तुला पैसे मिळतील असं त्याने कबूल केलेलं नाही, मीही विचारलं नाही. माझा त्याच्यावर अजून विश्वास नाही. सुई टोचतील तेव्हा मी तिथेच बसणार, आणि बाटल्या कुठे जातात तेही बघणार.

तुझी आई आता माझ्याबरोबर जेवायला बसते. बसवावी लागते. तिच्या ताटाकडे बघत बसायला मला रोज वेळ नाही, आणि ज्याला ह्यातलं कळतं ते माणूस सात समुद्रापलीकडे दुसऱ्यांच्या पोरांसाठी पावडरी मोजणार आहे.

ये, असं मी लिहिणार नाही. तू शिकलेली आहेस. तुम्हा लोकांना पुरावा लागतो, तो खाली सहीबरोबर दिला आहे.

तुझी आजी
मुक्ताई
वजन सदतीस किलो, चप्पल काढून.