तिसऱ्या मजल्याखाली लटकलेला डबा

तीर्थस्वरूप मामांना,

शालोम, आणि साथीचे दिवस असल्यामुळे चार हात लांबूनच चरणस्पर्श. तुमचे गुडघे, तुमचा खोकला आणि तुमचा स्वभाव, तिघांची प्रकृती कशी आहे ते कळवावे. पहिले दोन सुधारले असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. तुमची भाचेसून सिनेगॉगच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात दिवसभर तोंडाला मास्क लावून उभी असते, आणि मास्कमधूनही तिचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येतं. पत्र लिहिण्यास कारण की, दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी तुमच्या भाच्याने एक मोठा विजय मिळवला. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिखटमीठ लागून तो तुमच्यापर्यंत पोचण्याआधी अस्सल स्वरूपात पोचावा, एवढीच इच्छा.

तर, साथ आल्यापासून आपल्या ज्यू समाजाची मदत संस्था एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जेवणाचा डबा पोचवते. शुक्रवारी डबे दुप्पट, कारण सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, आणि मग दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत चूल नाही, गाडी नाही, फोन नाही, कामाला हात लावणं नाही. (हे मला तुम्हीच शिकवलंत. पण हे पत्र तुम्ही शेजाऱ्यांना वाचून दाखवाल याची खात्री असल्याने खुलासा केला.) संस्थेचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, म्हणून सगळे त्यांना बत्तिशी म्हणतात. माझ्याकडे ‘वितरण व यंत्रे’ हे खातं आहे. मी येण्यापूर्वी त्यात यंत्रे नव्हती.

संस्थेच्या घशात अडकलेला काटा म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई. सातवीपर्यंत मला त्यांनी शिकवलं आणि पुढचं सगळं मी स्वतःच शिकलो (नळकाम, वीजकाम, थोडं वैद्यक), त्यामुळे गावात त्यांचा मान पहिला आणि माझा दुसरा. मुलगा परदेशात, शिकवण्या साथीमुळे बंद, म्हणजे मिळकत बंद. पण डबा नेला की तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून उत्तर यायचं, गरजूंना द्या. आता मी पडलो नळवाला. त्यांच्या मोरीचा पाइप इमारतीच्या बाहेरून खाली येतो, आणि तो सकाळ-संध्याकाळ कोरडा ठणठणीत होता. जिथे भांडं घासलं जात नाही तिथे काही शिजतही नाही. हे मी बत्तिशींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहराच उतरला. बाई दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या, खिडकीत उभ्या राहिल्या की चौकट धरायच्या. त्यात तळमजल्यावर एक रुग्ण निघाला आणि जिन्याला बांबू आडवे बांधले गेले. वर जायची सोयच संपली.

देणारा दिसू नये आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, ही आपली जुनी शिकवण. तिच्यावर विचार करून मी गच्चीच्या कठड्याला कप्पी बसवली (रुग्ण निघण्याच्या आदल्या दिवशीच, यालाच दूरदृष्टी म्हणतात). दोर खाली गल्लीत, डबा गुपचूप थेट खिडकीशी. ना कुणी पाहणार, ना कुणाला लाजायचं कारण. शुक्रवारी उन्हं कलल्यावर मी दोर ओढायला सुरुवात केली आणि कप्पी अशी किंचाळली की पलीकडच्या गल्लीतल्याही खिडक्या उघडल्या. गुप्तदान बघायला अख्खा मोहल्ला. त्यात भर म्हणजे, डबा बाईंच्या खिडकीच्या हातभर खाली आला असताना दोर कप्पीच्या खाचेतून निसटून फटीत अडकला. दोर मी मुद्दाम जाड घेतला होता. (जाड दोर तुटत नाही. तो अडकतो, ही वेगळी गोष्ट.) मी ओढतोय, बत्तिशी ओढताहेत, आणि तेवढ्यात समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य गेला. शब्बाथ लागला. आमचे हात आपोआप सुटले. डबा वर नाही, खाली नाही, मधेच लटकलेला.

आता नियम तुम्हाला ठाऊक आहे, की जिवावर बेतलं असेल तर शब्बाथ मोडता येतो, नव्हे, मोडलाच पाहिजे. बाईंकडे मुठीला आकडा असलेली काठी होती, ती खाली केली की डबा हातात, पण शब्बाथला तेही कामच. बत्तिशींनी खालून विनवलं, बाई, नुसतं एवढं म्हणा की अशक्तपणा वाटतोय, बाकी देवाला आम्ही समजावतो. बाई म्हणाल्या, मला काहीही झालेलं नाही, आणि शब्बाथला रस्त्यात ओरडू नका. आणि त्यांनी खिडकी लावायला घेतली. मामा, लावतानाही त्यांनी एका हाताने चौकट धरली होती. उद्या रात्रीपर्यंत त्या उपाशी राहणार, आणि डबा नाकासमोर वास देत राहणार, हे मला स्वच्छ दिसलं.

मग मी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात नाही. मी फुटपाथवर बसकण मारली.

“बाई, मला चक्कर येतेय. तो डबा लटकलेला बघून माझं ब्लडप्रेशर चढलंय.”

बत्तिशी धावले. सवयीने त्यांनी आधी मला तोंड उघडायला सांगितलं, मग भानावर येऊन मनगट धरलं आणि गंभीरपणे जाहीर केलं की जिवाला धोका आहे.  बाईंनी अर्धी लावलेली खिडकी पुन्हा उघडली आणि वाकून खाली पाहिलं.

“परीक्षेच्या दिवशी तुझं पोट दुखायचं, तसंच ना हे?”

“त्याहून वाईट आहे, बाई.”

“ऐका सगळ्यांनी. मी हे याच्या जिवासाठी करतेय.”

आणि काठी खाली आली, डबा आत गेला. वरून विचारणा झाली, आता बरं वाटतंय का. मी म्हटलं, डबा भरलेला आहे तोवर कसं वाटेल. तेव्हा त्या तिथेच खिडकीत बसल्या आणि माझा जीव वाचेपर्यंत, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत, जेवल्या. मग मीठ कमी असल्याचं कळवलं. (तुमची भाचेसून या विषयावर अजून बोलते आहे.)

जो घेतो त्यानेही काही द्यावं, असं आपल्याकडे सांगितलंय. रविवारी बाईंनी स्वतःहून निरोप धाडला की फुकट जेवणार नाही, काम द्या. आता त्या रोज सगळ्या एकट्या माणसांना फोन करून हजेरी घेतात, कोण जेवलं, कोण खोकतंय, कोण रडतंय. दोघांना वेळेवर दवाखान्यात पोचवलं ते त्यांच्या कानांमुळे. संस्थेच्या सभेत माझ्या कप्पीचे आभार मानण्यात आले आणि ती काढून टाकावी असंही ठरलं.

सर्वांना यथायोग्य. लोभ आहेच, तो वाढवायला साथीची आडकाठी नसावी.

तुमचा स्वयंशिक्षित भाचा

ता. क. शब्बाथ संपल्यावर बत्तिशींनी खरं यंत्र आणून माझं ब्लडप्रेशर मोजलं. विशीतल्या पोराला लाजवेल असं निघालं. हे बाईंना कळू नये.

ता. क. २. तुमच्या गावच्या मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला होता. तुम्ही त्यांचा डबा तीनदा दारातून परत पाठवलात म्हणे, माझ्यापेक्षा गरजूला द्या म्हणून. मामी गेल्यापासून तुमची चूल पेटत नाही आणि तुम्ही चहा-बिस्किटांवर आहात, हेही त्यांनी सांगितलं. मामा, दार उघडा. तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी घ्या. या खेपेला माझा जीव खरोखरच थाऱ्यावर नाही.

ता. क. ३. तुमचं घर तळमजल्यावर असल्याने कप्पीचा उपाय चालत नाही. म्हणून तुमचा नंबर बाईंना दिला आहे. डबा घेतला असेल तर त्यांचा फोन मिनिटभरात संपतो. नसेल घेतला, तर तुम्ही जेवेपर्यंत त्या फोनवरच थांबतात.