लंगडी, भुक्कड आणि सासूबाई

३ मार्च, रविवार

"लंगडी कशी आहे? भुक्कड खाते ना? आणि सासूबाई? गोगलगाय चढते का काचेवर?" — फोन उचलल्या उचलल्या लेकीची हजेरी सुरू! माझा नंबर पाचवा. "आणि तू गं?" मी बरी. "तू?" तीही बरी. पाच मिनिटांत फोन खाली.

तीन वर्षं झाली तिला परदेशी जाऊन. जाताना हा काचेचा टँक माझ्या शिवणयंत्राशेजारी मांडून गेली. आत नखाएवढ्या लाल कोळंब्या— खायच्या नव्हेत, बघायच्या. "आई, माझी माणसं आहेत, सांभाळ." तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या निमित्तानं का होईना, आवाज कानी पडतो. सासूबाई दिवसभर दगडाआड बसतात, आणि दाणा पडला की पहिल्या हजर! नाव मीच ठेवलं. लेक हसून हसून लोळली होती तेव्हा. ते हसू अलीकडे ऐकलं नाही.

५ मार्च, मंगळवार

नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतोय. फोनवर व्हिडिओ पाहिले. एक बाबा म्हणतो, रोज पाणी बदला. दुसरा म्हणतो, महिनाभर हात लावू नका. तिसरा नुसतं गाणंच वाजवतो! कुणाचं ऐकायचं माणसानं? एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत— नळाचं पाणी तडक ओतायचं नाही, दिवसभर उघडं ठेवायचं.

रुग्णालयाच्या शिवणखोलीत तीस वर्षं चादरी शिवल्या. दोनदा मोजल्याशिवाय कात्री लावली नाही कधी. म्हणून एकाऐवजी दोन दिवस ठेवायचं ठरवलं. बादलीला चीर गेलीय. तांब्याचा हंडा काढला, घासून लख्ख केला. तिच्या माणसांना घरातलं सगळ्यात चांगलं भांडं!

८ मार्च, शुक्रवार

काल पाणी बदललं. आज सकाळी सगळ्या आडव्या.

भुक्कड दाण्याशेजारीच. गोगलगाय काचेवरून सुटून तळाला. लंगडीला चमच्यात घेऊन किती वेळ बसले कुणास ठाऊक. वाटत होतं, हलेल.

९ मार्च, शनिवार

शोभेच्या माशांच्या दुकानात गेले. सगळं ऐकून दुकानदारानं कपाळाला हात लावला.

"काकू, तांबं? अहो, तांबं म्हणजे ह्यांना विष!"

"मग तशी पाटी लावायची होती की!"

"आता हंड्यात कोण भरून ठेवील, हे मला काय ठाऊक?"

त्याचंही खरं. मग हळूच म्हणाला, "नवीन देतो. अगदी तश्शाच. लेकीला कळायचंसुद्धा नाही." पिशवी हातात घेतली. आत पाच-सहा लाल ठिपके, टुणटुणीत. परत त्याच्या पुढ्यात ठेवली. लंगडी कुठून देणार होता तो?

१० मार्च, रविवार

"सगळ्या मजेत," म्हणाले. जीभ जरासुद्धा अडखळली नाही! तिनं फोटो मागितला. कॅमेरा बिघडलाय म्हणून थाप मारली.

खरं सांगितलं, तर पुढच्या रविवारी ती कुणाची चौकशी करायला फोन करील?

१४ मार्च, गुरुवार

वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई भली. शिडी लावून वरच्या फळीवरचं जाड पुस्तक काढून दिलं. तांब्यावर अख्खं पान! आधी कुठं दडलं होतंस रे बाबा?

पुढच्या पानावर एक ओळ. या कोळंबीचं आयुष्य दीड वर्ष, फार तर दोन.

चष्मा पुसून पुन्हा वाचली. म्हणजे लेक ठेवून गेली त्या केव्हाच सरल्या. दगडाआड पिल्लं वाढत राहिली, आणि जी तिरकी चालेल तिला मी लंगडी म्हणत गेले; ती लंगडीची नात नाहीतर पणती. आणि हे लेकीला ठाऊक नसेल? शाळेपासून असली जित्राबं पाळणारी ती! तरी दर रविवारी एकेकीचं नाव घेऊन विचारायची.

वेडी माझी. आईला फोन करायलाही निमित्त लागतं तिला! माझ्यासारखीच.

येताना रस्ताभर मला रडू आणि हसू एकदमच येत होतं.

१५ मार्च, शुक्रवार

रविवारपर्यंत दम निघेना. चार वेळा खोडून मेसेज धाडला— "सगळ्या गेल्या. माझ्याच हातून, हंड्यातल्या पाण्यानं. रविवारी तुझ्याशी खोटं बोलले. आता जिची चौकशी करावी अशी मी एकटीच उरलेय. तेवढ्यासाठी फोन करशील?"

१७ मार्च, रविवार

फोन नाही. यंत्रावर बसले. सुईत दोरा ओवता येईना.

१८ मार्च, सोमवार

तिचं उत्तर आलं. "आई, खोटं मीही बोलत होते. नोकरी जाऊन चार महिने झाले. एका मैत्रिणीच्या घरात जमिनीवर झोपते. तू माझ्याबद्दल विचारू नयेस, म्हणून एकेकीची चौकशी करत बसायचे."

मी लगेच लिहिलं— बाळा, पलंगावर नवी चादर घातलीय. कुठल्या दिवशी निघतेस, तेवढं लवकर कळव.