मागघर देण्याचे कारण

मी, देवाजी लहानू धकाते, वय ७३ वर्षे, धंदा कोशाचे (टसर रेशमाचे) कापड विणणे व विकणे, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. साखरेच्या आजारामुळे डावा डोळा अधू झाला आहे, डोके शाबूत आहे. ज्याला शंका असेल त्याने डॉ. अश्वजित रामटेके यांचा सोबतचा दाखला वाचावा. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझ्या स्वकमाईची आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही.

१. राहते घर पत्नी रुखमाबाई हिच्या हयातीत तिचे, तिच्यानंतर मुलगा प्रवीण याचे. परसातली चूल मोडून तिथे दुकान काढू नये. त्या चुलीवर तिने माझ्यासाठी चाळीस वर्षे कोसा उकळला आहे.

२. बँकेतील ठेव रुखमाबाई व मुलगी दिव्यानी यांनी निम्मी-निम्मी घ्यावी. दिव्यानी अहेरीला शाळेत शिकवते, तिला गरज नाही असे ती म्हणेल. तरी द्यावी.

३. माझा पितळी तराजू नागपूरचे सूत व्यापारी हेमराज यांच्याकडे बारा वर्षांपासून आहे. तो परत मागू नये. वापरून वापरून कधीतरी वजन बरोबर करतील.

४. तीन हातमाग, सूत काढायची दोन यंत्रे व ती ज्यात आहेत ते मागघर जागेसह मंगलीबाई दुमाने यांना द्यावे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, जातीतल्या नाहीत. उद्या कोणी भलतेसलते बोलू नये व मुलांनी हरकत घेऊ नये म्हणून कारण सविस्तर लिहितो.

मंगलीबाई मासे धरणाऱ्या ढिवर समाजाच्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात. पाखरांपासून, मुंग्यांपासून दिवसभर राखण करावी लागते. पुढे कोश उकळून बाया मांडीवर घासून सूत काढतात. मंगलीबाईंच्या उजव्या मांडीची कातडी त्याने टाचेसारखी झाली आहे. अशा बावीस बाया मला सूत देत. त्यांच्या सुतासारखे सूत मी दुसरे पाहिले नाही.

२०१५ च्या ऑगस्टात चीन सरकारने आपल्या चलनाचा भाव खाली आणला. पहिल्या दिवशी जेमतेम दोन टक्के. पण जगभरचे व्यापारी घाबरले, की अजून पाडतील. एवढा मोठा देश आपला पैसा स्वस्त करतो तेव्हा त्याचा माल सगळीकडे स्वस्त होतो, आणि तोच माल दुसरीकडे बनवणाऱ्यांचे हात थांबतात. हे मी नंतर वर्तमानपत्रांतून समजून घेतले. त्या वेळी मला फक्त हेमराजचा फोन कळला.

"देवाजीभाऊ, चीनचं सूत उतरलं. अजून उतरंल. गावचं घेनं बंद करा."

मी बंद केले. आठ दिवसांनी मंगलीबाई गाठोडे घेऊन आल्या. मी दारातच सांगितले, की चीनने आपला पैसा पाडला, माझा इलाज नाही.

त्या म्हणाल्या, "भाऊ, चीननं काय पाडलं ते मले नाई समजत. माहं सूत खराब झालं का, तेवढं सांगा."

"सूत चांगलं आहे."

"मंग ठीक," म्हणाल्या आणि गाठोडे उचलून गेल्या. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मी आत जाऊन चीनचे बंडल उघडले.

त्या हिवाळ्यात बावीसपैकी तेरा जणी मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. त्याच हिवाळ्यात प्रवीण चंद्रपूरकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यातले काम सुटून घरी आला. बाहेरचे लोखंड स्वस्त पडत होते, म्हणून कंत्राटी कामगार कमी केले. मी जेवताना ते लोखंड घेणाऱ्या खरेदीदारांना शिव्या देत होतो. प्रवीण म्हणाला, "बाबा, तुमी चीनचं सूत स्वस्त म्हनून घेता. त्याईनं चीनचं लोखंड घेतलं. मंग त्याईच्यावर चिडून काऊन राह्यले?"

त्याचे म्हणणे मला पटले. पण मंगलीबाईंच्या दारी मी गेलो नाही. हा माझा दोष, तो मी इथे सहीनिशी लिहितो. प्रवीणने पुढे मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान स्वतःच्या हिमतीवर उभे केले. त्यात माझा एक रुपया नाही.

२०२० मध्ये साथीमुळे चीनचे सूत येणेच थांबले. माझे तीनही माग बंद पडले. तेव्हा लाज गुंडाळून मी मंगलीबाईंकडे गेलो. घरात शिरताच आढ्याला कोशांच्या माळा टांगलेल्या दिसल्या. ते बियाण्याचे कोश होते. ते विकून खाल्ले तर पुढच्या पावसाळ्यात पतंग निघत नाहीत, अंडी मिळत नाहीत, आपला वाण संपतो. पाच वर्षे विकत घेणारा कोणी नसताना, दुसऱ्यांच्या बांधीत भाताची रोवणी करून, तळ्यात मासे धरून या बाईने ते बी दरसाल जगवले होते. सोबत आठ जणींना धरून ठेवले होते.

मी म्हणालो, "मंगलीबाई, भाव तुम्ही सांगा."

मी अडलेलो होतो, त्यांना ठाऊक होते. पण त्यांनी चालू भावच सांगितला. वर एक अट घातली. "पुढच्या बारीले तिकडं कुठी काही झालं, तर आधी आमाले येऊन सांगान. आमी इथी बसून इचार करू. एकदम दार नाई लावान."

सरकारे पैसा पाडतात तेव्हा कोणाला विचारत नाहीत. मीही विचारले नव्हते. तेव्हापासून बाजारात काहीही हलले की मी आधी त्यांच्या ओसरीवर जातो. दोनदा भाव पडले, दोन्हीदा मिळून तोड काढली. एकही माग थांबला नाही. त्र्याहत्तर वर्षांत मी पुष्कळ शहाणे व्यापारी पाहिले. त्यांच्याइतके लांबचे पाहणारे माणूस पाहिले नाही.

५. माझ्या तेराव्याला गावजेवण घालू नये. तो खर्च मागघराच्या कौलांवर करावा.

६. दुरुस्ती. इथपर्यंत मजकूर लिहून मी गेल्या रविवारी मंगलीबाईंना वाचून दाखवला, कारण त्यांना आधी सांगायचे ठरले आहे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, नाव एकटीचं काऊन टाकलं? बी मी एकटीनं नाई जगवलं."

म्हणून कलम ४ मध्ये जिथे मंगलीबाईंना मागघर दिले आहे, तिथे सोबतच्या यादीतील नऊ जणींना समान हिश्श्याने दिले असे समजावे. यादी मंगलीबाईंनी तोंडी सांगितली, मी लिहून घेतली. स्वतःचे नाव त्यांनी सांगितलेच नाही. नववे मी माझ्या हाताने घातले आहे.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

देवाजी लहानू धकाते (सही)

देवाजीभाऊंनी आमच्यासमोर सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली. यात आमचा कसलाही हिस्सा नाही.

साक्षीदार:
१. संघप्रिया खोब्रागडे, निवृत्त मुख्याध्यापिका, आरमोरी (सही)
२. मुखरू सोनटक्के, शेती, आरमोरी (सही)

ठिकाण: आरमोरी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५