मानेवरचा भोवरा

पार्लरच्या मालकीणबाईंना,

मुलाखतीत तुम्ही मला काही विचारलंच नाही, थेट तुमचेच केस कापायला लावलेत. मग आरशात बघून म्हणालात, "छान कापलेस गं! लवकरच कळवते." तेवढ्यावर मी हुरळून गेले आणि जुन्या पार्लरला रामराम ठोकला.

तेव्हापासून फोन हातातून सुटत नाही. भाजी चिरतानाही तो ओट्यावर असतो. मी राहते ताईकडे. ती आधी रोज विचारायची, "आला का फोन?" आता नुसती बघते. ते जास्त बोचतं.

मी रोज तुमच्या काचेसमोरून जाते. आत शिरायचा धीर होत नाही, म्हणून तुमचे केस बघते. ते वाढत होते, तोवर मी स्वतःला समजावत होते की बाईंनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही, म्हणजे जागा अजून आपलीच.

आज तुम्ही पाठमोऱ्या बसला होतात. केस नुकतेच कापलेले होते आणि खुर्चीमागे नवी मुलगी झाडू मारत होती.

मिळालं मला उत्तर. पण तिने तुमच्या मानेवरच्या भोवऱ्याचे केसही आखूड केलेत. ते मी मुद्दाम लांब ठेवले होते, नाहीतर उभे राहतात. राहिलेत! तुम्हाला मागचं दिसत नाही आणि ती काही बोलणार नाही. मीही सांगणार नाही, हे पत्रसुद्धा पाठवणार नाही. फिरा तशाच.

ताईला अजून कळू दिलेलं नाही. फोन मात्र चालूच ठेवलाय.

जिला तुम्ही "कळवते" म्हणालात,
ती